हरिप्रियातल्या बारा जागा

बेळगावात आमचं वडगावचं भजनी मंडळ आहे. आम्ही चौदा जणी, थोरल्या आजी ७४ वर्षांच्या. विजयनगरच्या राजाने नेलेली विठ्ठलाची मूर्ती संत भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, हंपीहून पंढरीला परत आणली असं आम्ही कीर्तनात ऐकत आलो. मूर्ती जिथे होती ते हंपीचं विजय विठ्ठलाचं देऊळ एकदा डोळ्यांनी बघायचं, अशी आजींची फार इच्छा. पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ छापलाय, ती नवी कोरी नोट त्यांनी भजनाच्या वहीत जपून ठेवली होती.

दुसऱ्या एका मंडळातल्या ओळखीतून एक माणूस भेटला. रेल्वेने हंपी, तिथून गदगवरून बदामी आणि विजापूर. तिकिटं, राहणं, जीप धरून माणशी ३,२०० रुपये. बोलणं अगदी घरच्यासारखं. "काकू, तिकडं सगळे बोर्ड कन्नडमध्ये, तुम्हाला त्रास नको. आपल्याच माणसांचं काम आहे." आमच्यातल्या निम्म्या जणींना कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. त्यामुळे मराठी बोलणारा माणूस सोबत आहे या एका गोष्टीचाच आम्हाला मोठा आधार वाटला, आणि त्याने नेमकं तेच हेरलं होतं. चौदा जणींचे ४४,८०० रुपये झाले. ३०,००० मी फोनवरून पाठवले, बाकीचे रोख दिले. रोखीची पावती मागितली नाही.

एका ई-तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून तीन तिकिटं. त्याने आधी दोघींचं तिकीट पाठवलं. माझ्या भाच्याने पीएनआर टाकून बघितला, कन्फर्म होतं. मग सहा-सहा जणींची दोन आली. त्यांच्यावरही कन्फर्म, डबा, बर्थ सगळं लिहिलेलं. पहिलं खरं निघालं म्हणून ती दोन आम्ही तपासलीच नाहीत.

हरिप्रिया एक्सप्रेस तिरुपतीची गाडी, नेहमी भरलेलीच. बेळगावात चढलो तर आमच्या बर्थवर एक कुटुंब बसलेलं. टीटीई आले, त्यांनी टॅबवर नंबर टाकला आणि शांतपणे सांगितलं की या दोन्ही तिकिटांवर एकही जागा नाही, दोन्ही वेटिंगची होती आणि चार्ट लागल्यावर रद्द झाली. बारा जणी विनातिकीट ठरलो. भाडं आणि वर दंड, तोही माणशी कमीत कमी २५० रुपये. आम्ही वर्गणी काढून भरला. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याने केलं काय, ते नंतर कळलं. पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जातात. खातं त्याचं होतं. म्हणजे आमच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले ते घेतले, रेल्वेचा परतावाही त्यालाच. आम्हाला पाठवलेल्या प्रतीवर वेटिंग खोडून कन्फर्म टाकलेलं. घरी आल्यावर चष्मा लावून बघितलं तर बर्थचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होते. तिकिटावर मोबाईल नंबरही त्याचाच, म्हणून रेल्वेचा एकही मेसेज आमच्यापैकी कुणाला आला नाही. आणि स्वतःच्या खाजगी आयडीवरून तिकिटं विकणाऱ्यांकडून तिकीट घेऊ नका, ही सूचना त्याच कागदावर खाली छापलेली होती. आठ दिवस तो कागद आमच्या हातात होता.

तुम्हीही मंडळाने जात असाल तर एवढं कराच: प्रत्येक पीएनआर स्वतः तपासा, रेल्वेच्या १३९ नंबरवर विचारता येतो. निघण्याआधी चार्ट लागल्यावर पुन्हा बघा. तिकिटावर स्वतःचा नंबर घालायला लावा, नाहीतर सरळ स्टेशनच्या खिडकीवर फॉर्म भरा.

हंपीजवळच्या होसपेट स्टेशनवर रात्री उतरलो. ज्या लॉजचं नाव दिलं होतं तिथे आमच्या नावाने काहीच नव्हतं. वेटिंग रूममध्ये रात्र काढली. सकाळी सरकारी बसने हंपीला गेलो, कारण आजी म्हणाल्या, "इथवर आलो, आता देऊळ बघितल्याशिवाय मी येणार नाही." विजय विठ्ठलाचा गाभारा रिकामा आहे. आजी त्या रिकाम्या जागेसमोर हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बाहेर ओट्यावर बसून आम्ही हरिपाठ म्हटला. बदामी, विजापूर राहिलं, पुढचे पैसे कुणाकडेच नव्हते.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली. फोनवरून पाठवलेल्या पैशांपैकी ६,००० त्याच्या खात्यात अडकवून ठेवलेत, असं पोलिसांनी सांगितलं. उशीर झाला होता; गाडीतूनच फोन केला असता तर कदाचित जास्त सापडले असते. रोख दिलेल्याचा काहीच पुरावा नाही.

त्याचा नंबर बंद आहे. पण परवा शहापूरच्या एका मंडळात मेसेज फिरला: रेल्वेने बदामी-विजापूर, फक्त मराठी ग्रुप, माणशी ३,२००. नंबर नवा, दगडी रथाचा फोटो तोच. मी लगेच तिथल्या काकूंना फोन केला. अकरा जणींनी आगाऊ रक्कम भरलेली होती.