मल्लांचे सचित्र पुस्तक मागवले आणि हाती पडली छापील रद्दी

माझ्या भाच्याला डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्यांचे विलक्षण वेड असल्यामुळे त्याच्या वाढदिवसासाठी मी एका ऑनलाइन बाजारपेठेतून मल्लांची ओळख करून देणारे सचित्र पुस्तक मागवले. जाहिरातीत पुठ्ठ्याची बांधणी, दोनशेहून अधिक रंगीत पाने आणि ‘अधिकृत नवी आवृत्ती’ असे स्पष्ट लिहिलेले होते, शिवाय आतल्या पानांची सुरेख छायाचित्रेही दाखवली होती.

पाकिटातून निघाले ते मध्यभागी पिना मारलेले, पातळ कागदाचे चोपडे. अंडरटेकर हा मल्ल रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्यात आजवर अपराजित असल्याचे त्यात छापले होते. वास्तविक त्याची सलग 21 विजयांची मालिका ब्रॉक लेस्नरने 2014 सालीच संपवली आहे. रे मिस्टेरिओच्या नावाखाली भलत्याच मुखवटेधारी मल्लाचे चित्र पाहून भाचा म्हणाला, “मामा, हा तो नाहीच!” आपल्याकडची मुले सर्वांत आधी उघडतात ते पान ग्रेट खलीचे, म्हणजे 2007 साली वर्ल्ड हेवीवेट विजेता झालेल्या हिमाचलच्या दलीपसिंग राणा यांचे. तिथे त्यांची उंची पुरेशी वाटली नाही म्हणून की काय, छायाचित्र उभे ताणले होते आणि कोपऱ्यात अर्धवट पुसलेला वॉटरमार्क तसाच राहिला होता. लहानपणी आम्ही मल्लांच्या उंची-वजनाची ट्रम्प कार्डे खेळत असू, तीसुद्धा याहून काळजीने छापलेली असत.

मलपृष्ठावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तर निव्वळ शोभेचा होता. या 13 अंकी क्रमांकातील अंकांना डावीकडून आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली, तर तिला 10 ने निःशेष भाग जावा लागतो. इथे तो जात नव्हता. जाहिरातीत आयएसबीएन दिलेला असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तो मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर शोधावा आणि तिथली पृष्ठसंख्या व बांधणी ताडून पाहावी.

विक्रेत्याने ‘पुस्तके परत घेतली जात नाहीत’ असे कळवून हात झटकले. मात्र ई-वाणिज्यासंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा बनावट माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. या नियमाचा उल्लेख करून, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ जोडून मी कंपनीकडे लेखी तक्रार केली, तसेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही ती नोंदवली, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले. मधल्या काळात कंपनीने पुढील खरेदीसाठी कूपन देऊ केले होते. ते स्वीकारले असते, तर तक्रार मिटली असे धरले गेले असते.

तीच छायाचित्रे असलेली जाहिरात सध्या दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने तिथे झळकत असून किंमत तेवढी थोडी वाढवलेली आहे.