नौदलातल्या आजोबांचा फोटो आणि खडेबाजारातला स्टुडिओ

स्कॅनिंगसाठी बेळगावात खडेबाजारातला हा स्टुडिओ चांगला आहे. फक्त काय हवं ते आधी सांगा. ६×९ सेंमीचा प्रिंट १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके), रंगीत मोडमध्ये, टिफ फाइल (तपशील न गमावणारी). न सांगितल्यास ३०० डीपीआयचा जेपीजी हातात पडतो आणि टोपीच्या फितीवरची अक्षरं चिखल होतात. काचेला चिकटलेला फोटो ते सोलत नाहीत, काचेसकट स्कॅन करतात, हे योग्यच. मागची बाजूही घ्यायला लावा. शिक्का, तारीख तिथंच असते.

‘रिस्टोअर’, म्हणजे संगणकावरची दुरुस्ती, मात्र घेऊ नका. सॉफ्टवेअर अंदाजानं नक्षी भरतं. इथल्या प्रतीत आजोबांच्या बाहीवरचे नागमोडी पट्टे चक्क सरळ झाले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोत सरळ पट्टे नियमित नौदलाच्या अधिकाऱ्यांचे, नागमोडी स्वयंसेवक राखीव दलाचे, वेणीसारखे गुंफलेले व्यापारी जहाजांवरून आलेल्या राखीव अधिकाऱ्यांचे. म्हणजे ‘सुधारलेल्या’ फोटोत आजोबांचं दलच बदललं! रंग भरणंही तसंच. ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या) फिल्मवर लाल काळपट, निळा फिकट उमटतो, त्यामुळे करड्या छटेवरून पदकाच्या फितीचा रंग ठरवू नये. फितीवरच्या पट्ट्यांची संख्या आणि रुंदी मोजावी.

साध्या खलाशाचा फोटो दिला तर काउंटरवर ‘हे हवालदार होते’ असंही सांगून टाकतात. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात बाहीवरच्या व्ही-पट्ट्या म्हणजे हुद्दा, हे डोक्यात पक्कं. खलाशाच्या डाव्या बाहीवर त्या चांगल्या वर्तणुकीच्या असतात; हुद्दा त्यांच्या वरच्या नांगरावरून कळतो, कामाची शाखा उजव्या बाहीवरून.

काळ खलाशाच्या टोपीच्या फितीवरून काढा. ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असेल तर २ ऑक्टोबर १९३४ नंतरचा आणि २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, त्यानंतर ‘आयएनएस’. युद्धकाळात गुप्ततेसाठी जहाजाचं नाव गाळत, तेव्हा नुसत्या ‘एचएमआयएस’ला अर्धवट समजून पुढं नाव लिहून घेऊ नका. पदकं उजव्या छातीवर दिसली तर टोपीची अक्षरं बघा: उलटी असतील तर निगेटिव्ह उलटी छापली आहे, सुलटी असतील तर बहुधा पदकं मिळवणाऱ्याच्या नातेवाइकानं ती लावली आहेत.

फाइल पेनड्राइव्हवरच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली आकसते आणि १२०० डीपीआयचे पैसे वाया जातात.