रंगीत काच की भरतकामाचं वेदीवस्त्र?

चर्चला देणगी मिळालीय, पण त्यातून रंगीत काचेची खिडकी करावी की वेदीवर घालायचं भरतकामाचं वस्त्र, यावर समितीचं एकमत होत नाहीये. इंग्लंडमधल्या चिचेस्टर कॅथीड्रलने काच आणि कापड दोन्ही केलं: चित्रकार जॉन पायपरची 1966ची टॅपेस्ट्री (विणलेलं चित्र) आणि चित्रकार मार्क शागालची 1978ची लालभडक खिडकी. सगळ्यांना ते कुठलं परवडायला!

काच महाग. शिवाय चर्च ऑफ इंग्लंडमध्ये नवी खिडकी म्हटली की डायोसिसची (बिशपच्या धर्मप्रांताची) रीतसर परवानगी आलीच.

टिकाऊपणात मात्र तिला तोड नाही. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या कधीतरी बदलाव्या लागतात, काच शतकानुशतकं राहते. कापड उजेडाने विटतं, घडीवर चिरतं. ते नळीवर गुंडाळून ठेवावं लागतं, आणि हे काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच.

उपासनेत मला कापड उजवं वाटतं. त्याचा रंग चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलतो: ख्रिसमसआधीच्या आगमनकाळात आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासकाळ) जांभळं, ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) लाल, एरवी हिरवं. वर्ष पुढे सरकताना दिसतं. टाके घालायला चर्चच्या मंडळीतलेच हात लागतात. खिडकी तयार होऊन येते, आणि बाहेर अंधार पडला की सायंप्रार्थनेला आतून काळी ठिक्कर दिसते. हे विकणारा सांगत नाही.

पिढ्यान्पिढ्या राहणारं स्मारक हवं असेल तर काच घ्या. बजेट बेताचं आणि मंडळीचा सहभाग हवा असेल तर वेदीवस्त्र, तेही आधी हिरवं. वर्षातले सर्वाधिक दिवस तेच लागतं.