निळा धूर: हेडचं काम की बोअरचं?

आमच्या अंगणात काही वर्षं दोन अ‍ॅम्बेसेडर शेजारी शेजारी उभ्या असायच्या. एक आमची, एक मामांची. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्हींत तेच जुनं 1489 सीसीचं इंजिन, दोन्ही चांदूर बाजार तालुक्यातल्या एकाच फुफाट्यात फिरलेल्या. आणि दोन्ही निळा धूर मारायच्या. मिस्त्रीनं दोन्हींकडे बघून एकच निकाल दिला, "रिंगा गेल्या भाऊ. बोअर करा लागते." (म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कापून मोठा करावा लागेल.) मामांनी लगेच इंजिन उतरवायचं ठरवलं. माझा त्या वर्षी आंबिया बहार गळाला होता, खिशात काही नव्हतं, म्हणून मी नाइलाजानं आधी तपासत बसलो. त्या तपासण्यातूनच कळलं की दोन गाड्यांचा रोग वेगवेगळा होता. घरच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरपायी आज कुणी याच प्रश्नाशी अडलं असेल, तर दोन्ही गाड्यांचा हिशेब पुढे मांडतो. (नंतरच्या 1817 सीसी इसुझू इंजिनाची गोष्ट वेगळी, ते इथे धरलेलं नाही.)

रंगाचं आधी उरकतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलाय, कार्बोरेटरची फ्लोट सुई गळतेय किंवा एअर फिल्टर तुरीच्या कुटारानं बुजलाय. पांढरा धूर डिसेंबरच्या सकाळी पाच मिनिटांत विरला तर ती नुसती वाफ. गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारं पान, गेलेलं. निळा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे ऑइल. इथपर्यंत कोणीही सांगतो. पण ऑइल जळतंय एवढं कळून भागत नाही. ते वरून, व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाईडमधून उतरतंय की खालून, रिंगांना चुकवून चढतंय, यावर खर्च ठरतो. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्हवाल्या भागाचं काम दोन दिवसांचं. बोअरचं काम निघालं तर लेथवाला, पिस्टन, बेअरिंग असं करता करता महिना जातो, आणि खर्च हेडच्या कामाच्या पाचपट तरी धरून चाला.

याचं उत्तर रंगात सापडत नाही, धूर नेमका केव्हा येतो त्यात सापडतं. आम्ही दोन्ही गाड्या एकाच दिवशी चिखलदऱ्याला नेल्या. घाट उतरताना तिसऱ्या गेअरमध्ये पाय अ‍ॅक्सिलेटरवरून पूर्ण काढायचा, किलोमीटरभर इंजिनावरच गाडी उतरू द्यायची, मग वळण संपलं की एकदम दाबायचं. मागून पुतण्या मोटरसायकलवर. पाय काढलेला असतो तेव्हा थ्रॉटल बंद आणि चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे इनटेकमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. गाईड झिजलेले असले, की ही ओढ वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली खेचते. पाय दाबला की ते सगळं एका दमात जळतं. आमच्या गाडीनं पुतण्याच्या तोंडावर असा निळा ढग सोडला की तो गाडी थांबवून खोकत बसला. पण दोनशे मीटरवर धूर संपला. मामांच्या गाडीनं तिथे फारसं काही केलं नाही. घाट चढताना मात्र, दुसऱ्या गेअरमध्ये ओझ्याखाली, ती पूर्ण वेळ निळी रेघ ओढत होती. जोर लावला की धूर, जोर सोडला की कमी. हे रिंगांचं लक्षण.

दुसरी खूण सकाळची. रात्रभर उभी गाडी स्टार्ट केल्यावर पहिला भपका निळा आणि मग साफ, म्हणजे ऑइल रात्री गाईडमधून झिरपून खाली साचलं होतं. आमची गाडी हेच करायची.

पण यातलं कोणतंही काम ठरवण्याआधी फुकटच्या तीन गोष्टी बघा. मी त्या उशिरा बघितल्या.

पहिली, ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट. या इंजिनाच्या बाजूला टॅपेट कव्हरवरून एक नळी खाली जाते आणि रॉकर कव्हरवरून एक पाइप एअर फिल्टरला. आमची गाडी दोन वर्षं गोठ्यात उभी होती. खालची नळी काढून हातात घेतली, तर तिच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, वाळून दगड झालेलं. खिळ्यानं फोडलं तेव्हा आत वाळक्या अळ्याही निघाल्या. म्हणजे क्रँककेसमधला, इंजिनाच्या पोटातला, दाब खाली निघत नव्हता, तो ऑइलची वाफ घेऊन वरच्या पाइपातून थेट कार्बोरेटरमध्ये जात होता. नळी साफ केली आणि निम्मा धूर त्याच संध्याकाळी गेला. खर्च एक खिळा.

दुसरी, मागची गळती. या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला सील नाहीच. क्रँकवर नुसते आटे कोरलेत, ते फिरताना ऑइल आत परत ढकलतात. म्हणून ही गाडी थोडी गळणारच, आणि दाब वाढला की जास्त गळणार. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाका. डिपस्टिक उतरतेय आणि पुठ्ठा भिजतोय, तर ऑइल जळत नाहीये, सांडतंय. त्यासाठी बोअर करणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून विहीर खोदणं.

तिसरी, गाडीतला पेट्रोल पंप. ब्लॉकवरच्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला, की पेट्रोल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. ऑइल पातळ होतं, जास्त जळतं, आणि डिपस्टिकवर पातळी मात्र कमी होत नाही, कधी वाढतेच. डिपस्टिक नाकाला लावा, पेट्रोलचा वास लगेच कळतो. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. त्यामुळे जुना पडदा सरसकट बदललेला बरा.

एवढं करूनही धूर उरला, तर सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आमच्या गाडीचे आकडे (पीएसआयमध्ये) आले 122, 118, 120, 116. मामांच्या गाडीचे 112, 78, 108, 84. आकडा किती हे तितकं महत्त्वाचं नाही, चारही एकमेकांच्या जवळ हवेत. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. मामांचा दोन नंबर 78 वरून 104 वर गेला, म्हणजे रिंग किंवा बोअर. आकडा जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आणि शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असले, तर मधलं गॅस्केट आधी बघायचं. गेज नसेल तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, गाडी गेअरमध्ये नीट अडवून, प्लगच्या भोकातून हवा सोडा. ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरला बुडबुडे तर गॅस्केट.

इथे एक लक्षात ठेवा: कॉम्प्रेशन चांगलं असलं तरी ऑइल जळू शकतं. गाईड झिजल्यानं कॉम्प्रेशन पडत नाही. आकडे चांगले आणि धूर मात्र येतोय, असं असेल तर खुश व्हा, तुमचं काम हेडवरच भागणार.

आमचं तर हेड न उतरवताच बरंचसं भागलं. या इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्यावर, स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या लॉकच्या खाली, एक छोटी रबरी रिंग असते. उन्हाळ्यांनी ती काचेसारखी कडक होते आणि तिचे तुकडे पडतात. ती बदलायला स्प्रिंग दाबून लॉक काढावा लागतो आणि त्या वेळी व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडू नये ही पंचाईत. त्याला जुनी युक्ती आहे. प्लगच्या भोकातून बोटभर जाडीची, धागे न सुटणारी स्वच्छ नायलॉनची दोरी वीतवीत करत आत भरायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि पुढून हँडल घालून इंजिन हातानं हळू फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा दाबला जातो आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. हँडल जिथे अडकतं तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. मग व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर बाजूला करून निवांत स्प्रिंग दाबा. नवी रबरी रिंग ऑइलमध्ये बुडवून, स्प्रिंग दाबलेली असतानाच चढवायची. आधी चढवून मग स्प्रिंग बसवली तर ती कापली जाते, आणि तुम्ही म्हणणार रबरी रिंगा बदलूनही धूर तसाच. साध्या रबराऐवजी व्हिटॉनच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराच्या, रिंगा घ्या. आमचे आठही व्हॉल्व्ह एका रविवारी झाले, दुपारचं जेवण धरून. आधी लिटरभर ऑइल 350 किलोमीटरला संपायचं, नंतर 1100 ला जाऊ लागलं. गाईड थोडे झिजलेले आहेतच. ते बदलायचे तर हेड काढून प्रेसवर जावं लागेल. अजून गेलेलो नाही.

मामांच्या गाडीकडे वळतो, कारण चूक तिथे झाली. बोअरचं काम लागणार हे निदान बरोबर होतं. पण अर्ध्यात कोणीतरी सुचवलं, "पिस्टन कायले बदलता? नुसत्या रिंगा टाका, स्वस्तात होते." हा मधला रस्ता सगळ्यांना गोड वाटतो, आणि माझ्या मते तिन्हींत हाच सगळ्यात फसवा. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खालीवर सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या वळणाजवळ जास्त झिजतो आणि त्याच्यावर न झिजलेला एक काठ उरतो. हेड काढल्यावर तिथे नख फिरवा, नख अडलं तर काठ आहे. जुनी रिंग झिजून त्या काठाखाली गोल झालेली असते, नवी रिंग चौकोनी. ती दर फेऱ्याला काठावर आदळते. मामांच्या दोन नंबरची वरची रिंग चार महिन्यांत मोडली आणि तुकड्यानं बोअरला खोल चरा पाडला. ट्वेंटीत (इंचाच्या 20 हजारांशानं मोठ्या पिस्टनात) भागलं असतं ते काम फोर्टीवर गेलं. बोअर गेजनं मोजून झीज अगदी किरकोळ निघाली, काठ नसला, तरच होनिंग करून, म्हणजे आतून हलकं घासून, नुसत्या रिंगा टाका. न मोजता टाकणारा मिस्त्री आपल्या पैशावर जुगार खेळतो.

बोअर करायचाच असेल तर हेड उतरल्याबरोबर पिस्टनचा माथा पुसून बघा. 020, 030 असा आकडा कोरलेला दिसला तर आधी किती वेळा काम झालंय ते कळतं. 040 दिसला तर पुढे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, टाकणं आलं. अशा वेळी लोक दुसरा ब्लॉक सुचवतात. 50 वर्षं ओलांडलेली गाडी असेल तर हे टाळा: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी, तर गाडी मूळ रूपात लागते, इंजिनात मोठा बदल चालत नाही. लायनर टाकलेला स्वतःचा ब्लॉक दुसऱ्याच्या चांगल्या ब्लॉकपेक्षा बरा. आणि काम दिवाळीनंतर काढा. नव्या पिस्टनांचे पहिले हजार किलोमीटर मे महिन्याच्या 45 अंशांत काढायचे म्हणजे गाडीला शिक्षा आहे.

एक गट असाही आहे ज्यानं काहीच करू नये. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी काढली की पहिले काही दिवस ती धूर मारणारच, रिंगा कार्बननं खाचेत चिकटलेल्या असतात. प्लगच्या भोकातून थोडं पातळ ऑइल टाकून दोन दिवस ठेवा. मग प्लग बाहेर असतानाच स्टार्टर मारून ते बाहेर काढा, पाचशे किलोमीटर चालवा, ऑइल बदला, आणि मगच मोजा. वर्षाला लग्नसराईत आणि पोळ्याला मिळून हजार किलोमीटर फिरणारी गाडी लिटरभर ऑइल पीत असेल तर पिऊ द्या. फक्त 20डब्ल्यू-50 घाला. नव्या गाड्यांचं पातळ ऑइल या इंजिनात उन्हाळ्यात पाण्यासारखं वागतं. धूर बंद करणाऱ्या बाटल्या म्हणजे ऑइल घट्ट करणारा चिकट पदार्थ. विकणाऱ्याच्या गाडीत तो असतोच, म्हणून विकत घेताना गाडी थंड असताना स्टार्ट करायला लावा.

पीयूसीवर तर अजिबात विसंबू नका. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धुराचा दाटपणा नाही. मामांची गाडी निळी रेघ ओढत पीयूसी केंद्रात शिरली होती आणि पास होऊन बाहेर आली. तिचा ब्लॉक आता फोर्टी पिस्टनसाठी अमरावतीला लेथवर आहे. आमची अंगणात आहे, खाली पुठ्ठा टाकलेला, ब्रीदरच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली.