लातूरचे एक करसल्लागार कार्यालय : जर्मनीत नोकरी करणाऱ्याचा अनुभव

जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करत असताना लातूरच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाकडून मी सलग तीन वर्षे भारतातील प्राप्तिकर विवरणपत्र भरून घेतले आहे. शुल्क साडेतीन हजार रुपये असून सर्व कागद व्हॉट्सॲपवर चालतात.

पहिल्या वर्षी त्यांनी बँकेच्या कागदांआधी पासपोर्टवरील शिक्के मागितले, तेव्हा मला ते अनावश्यक वाटले होते. दसरा करूनच जा, या आईच्या आग्रहामुळे मी ६ ऑक्टोबर २०२२ रोजी निघालो होतो. सरांनी १ एप्रिलपासूनचे दिवस मोजले, ते १८९ भरले. आणि आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा त्या वर्षापुरता निवासी ठरतो. घट बसण्याआधी निघालो असतो तर अनिवासी ठरलो असतो! परिणामी मार्चपर्यंतचा जर्मन पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागला, आणि तिकडे कापलेल्या कराची वजावट मिळवण्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागला. पगारपत्रकातील कर तेवढा त्यांनी वेगळा काढला. निवृत्तिवेतन व आरोग्यविम्याची कपात ही कर नसल्याने ती त्यात धरता येत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. गावाकडच्या ओळखीच्या एका एजंटाने हेच काम ‘दोन मिनिटांत’ करून देतो असे म्हटले होते. त्याने दिवस मोजले असते, असे मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी एनआरओ खात्यातील (अनिवासी भारतीयाचे भारतातील उत्पन्न ठेवण्याचे खाते) ठेवींच्या व्याजावर बँकेने उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापला. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी करारानुसार व्याजावरील भारतीय कराची मर्यादा १० टक्के आहे, हे सरांना ठाऊक होते. त्यासाठी जर्मन करकार्यालयाकडून, म्हणजे फिनान्झआम्टकडून, तेथील करनिवासाचा दाखला घ्यायचा आणि भारताच्या प्राप्तिकर पोर्टलवर फॉर्म १० एफ भरायचा, हा मार्ग त्यांनी दाखवला. जादा कापलेली रक्कम विवरणपत्रातून परत मिळाली. मुळात विवरणपत्र भरण्याची गरज काय, असे विचारणाऱ्या माझ्या मित्रांसाठी एवढे उत्तर पुरेसे असावे. नोकरदारांचा सोपा आयटीआर-१ अनिवासी व्यक्तीला चालत नाही आणि कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी कलम ८७ अ ची सूटही मिळत नाही, हेही येथेच कळले.

मात्र एका बाबतीत हे कार्यालय उणे पडले. एनआरई खात्याच्या, म्हणजे परदेशातील कमाई भारतात ठेवण्याच्या खात्याच्या, व्याजाबद्दल विचारले असता ‘ते करमुक्त आहे, विसरून जा’ असे उत्तर मिळाले. भारतापुरते ते बरोबर आहे. परंतु जर्मनीचा करनिवासी म्हणून मला ते व्याज तेथील विवरणपत्रात दाखवावेच लागते, आणि भांडवली उत्पन्नाची १,००० युरोंची वार्षिक सवलत संपल्यावर त्यावर कर लागतो. ही गोष्ट मला कारखान्यातील एका सहकाऱ्याकडून कळली. सल्लागाराने दुसऱ्या देशाचा कायदा शिकावा, अशी माझी अपेक्षा नाही. पण ‘हे फक्त भारतापुरते’ एवढे तीन शब्द त्यांनी म्हणायला हवे होते.

ई-पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या भारतीय क्रमांकावर येतो. माझे ते सिम औसा तालुक्यात आईच्या फोनमध्ये आहे आणि आई दिवसभर शेतात असते. पडताळणीला ३० दिवसांची मुदत असल्याने कार्यालयातील ताई रात्री आठ वाजता फोन करून आईकडून ओटीपी घेतात, या सौजन्याची नोंद घ्यायलाच हवी.

जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि आपल्या बँका व्याजाचे प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे देतात. यंदा मी आग्रह धरल्यावर सरांनी पाचशे रुपये जादा घेऊन दोन्ही खात्यांच्या व्याजाचा जानेवारी ते डिसेंबरचा स्वतंत्र तक्ता करून दिला, आणि जर्मन विवरणपत्रातील आकडे मी त्यावरूनच भरले.