बेटं आणि सडा: गाड्यांच्या गर्दीपासून लांब सायकल चालवायची तर यांच्याकडे जा

गोव्यात सायकल भाड्याने देणारे आता पुष्कळ झालेत, पण बऱ्याच ठिकाणी मिळते ती बीचच्या आजूबाजूला फिरायची बिनगियरची सायकल, आणि रस्ता कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही ज्या भाड्याने सायकल देणाऱ्यांकडे गेलो, त्यांच्याकडे खऱ्या टूरिंग सायकली आहेत, म्हणजे सामान लादून लांब जायच्या, मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या पिशव्या), मडगार्ड सगळं. आणि सोबत रस्त्याचा नकाशा मोबाईलवर टाकून देतात, मला तर तोच सगळ्यात आवडला, कारण ज्याने कुणी तो बनवलाय त्याला गोव्यात कुठला रस्ता रिकामा असतो आणि का रिकामा असतो हे पक्कं माहितीये. मी फोंड्याची, नणंद सावंतवाडीची, चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर दोघी निघालो, पाऊस अजून पुरता गेला नव्हता.

पहिला टप्पा बेटांचा. पणजीतून पहाटे उजाडता उजाडता निघायचं असं त्यांनी बजावून सांगितलेलं आणि ते अगदी बरोबर आहे, कारण रायबंदरचा कॉजवे सतराव्या शतकातला, तीन किलोमीटरच्या वर लांब आणि अरुंद, आठनंतर ऑफिसवाल्या गाड्या सुरू झाल्या की सायकलला जागाच राहत नाही. सहा-साडेसहाला मात्र डावीकडे मांडवी, उजवीकडे पाण्याने भरलेली मिठागरं आणि रस्ता तुमचा. रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेट. फेरीतून उतरताना सायकल हातात धरून चालतच उतरा, पावसात त्या उतरणीवर शेवाळ असतं, आणि मागच्या स्कूटरवाल्यांना आधी जाऊ द्या, दोन मिनिटांत ते सगळे पांगतात आणि मग कोणीच नसतं.

दिवाडीला गाडीरस्त्याचा पूल नाही हे या टप्प्याचं खरं गुपित. कोकण रेल्वेचा रूळ बेटावरून जातो पण गाडी तिथे थांबत नाही, येणारा प्रत्येक जण फेरीने येतो, म्हणजे ज्याला दिवाडीतच काम आहे तोच येतो. मध्ये खाजन शेती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मांडवीचं पाणी इथे भरतीबरोबर खारट होतं, ते शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेत आणि बांधाला मानशी आहेत, म्हणजे लाकडी दारं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतात आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. आम्ही एका मानशीजवळ थांबून बघत बसलो, दार मिटत असताना फटीतून पाण्याची पातळ चादर आत येत होती, मग तीही थांबली. शेतात कोरगुट भात उभं होतं, ते थोडंफार खारं पाणी सोसतं. सायकलवाल्याच्या दृष्टीने सांगायचं तर खाजनातून जाणारा रस्ता सपाट असतो, पाण्याच्या पातळीला, आणि आजूबाजूला घरं नसल्यामुळे फाटे फुटत नाहीत. चढ काय तो पिएदादच्या चर्चच्या टेकडीचा, तो चढाच, वरून सगळं बेट दिसतं.

पुढे नार्व्याची फेरी, पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून सायकल घेऊन आपण जातोय हे मला फार वाटलं, नणंद तर किती वेळ गप्प होती. मग मये, तिथून चोडण बेट. मयेकडचा तुकडा या टप्प्यातला सगळ्यात कमी आवडला, गाड्या असतात आणि वळणं आंधळी आहेत. चोडणात पातळ भाजी आणि उंडे (गोव्याचे गोल पाव) खाल्ले, सलीम अली पक्षी अभयारण्य फेरीधक्क्याला लागूनच आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरचंच पण सगळी खारफुटी, आणि फेरीने परत रायबंदर.

दुसरा टप्पा सड्याचा, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठाराचा, आणि तो जास्त कठीण आहे. इथे यांची सर्व्हिस खरी कामाला येते, कारण बेतुलला जाताना लागणारा मडगाव ते असोळणा हा रस्ता ट्रॅफिकचा, तो सायकलवर करण्यात काही अर्थ नाही. यांचा टेम्पो सायकली थेट बेतुलला सोडतो आणि संध्याकाळी आगोंदहून उचलतो. बेतुलहून चढ लागला की वर नाकेरीचा सडा. जांभा दगडाचं उघडं पठार, मातीचा थर इतका पातळ की शेती होत नाही, शेती नाही म्हणून वाडी नाही, वाडी नाही म्हणून गाड्या नाहीत. याच भागात २०१६ ला डिफेन्स एक्स्पो भरला होता तेव्हा केवढी गर्दी झालेली, आता मैलभर माणूस दिसत नाही. समुद्राचा वारा मात्र आडवा येतो, पॅनियर भरलेले असतील तर सायकल बाजूला ढकलली जाते, हँडल सैल पण सावध धरायचं.

सप्टेंबरात सडा बघायलाच हवा. जांभ्यावर जिथे बोटभर पाणी साचतं तिथे निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा, म्हणजे त्या नावाच्या इवल्या फुलांचा, गालिचा असतो. कडेने दवबिंदू, हे किडे खाणारं छोटं झाड. पान नखाएवढं, त्यावर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानाला बारीक चिलट चिकटलेलं, पाय हलवत होतं. ही माती इतकी निकस की झाडाला नायट्रोजन किड्यातून मिळवावा लागतो. मेहेरबानी करून सायकल रस्त्यावरच ठेवा, त्या ओल्या पट्ट्यांवर चाक घालू नका, तो थर एकदा खरवडला की भरून यायला फार काळ जातो.

मग खोल, उतारांवर मिरचीचे मळे (जीआयवाली, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, खोलची मिरची ती हीच), आणि काब द राम. किल्ला १७६३ मध्ये सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला, १९५५ पर्यंत आत तुरुंग होता. गेटपाशी एक आजी नारळपाणी विकत होत्या, त्यांनी सायकली बघून विचारलं, "बाय, खंय वतात?" आगोंदला म्हटल्यावर म्हणाल्या पुढे उतार वाईट आहे, सावकाश. आणि खरंच वाईट आहे.

आता सायकलीविषयी. पुढे तीन चक्रं, सगळ्यात छोटं २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं ३४ चं, म्हणजे चढाला पेडल हलकं, त्यामुळे बेतुलचा चढ सामानासकट बसूनच चढता आला. टायर ४० एमएमचे, खडीवर हवा थोडी कमी करा म्हणून पंप बरोबर देतात. पॅनियर वरून गुंडाळायचे, पूर्ण वॉटरप्रूफ, दोन जोरदार सरी पडल्या तरी आत टॉवेल कोरडा. डिस्क ब्रेक आहेत हे फार बरं, कारण तांबडी चिकट माती रिमला लागली की रिमवाले ब्रेक पॅड घासून संपतात.

पण तक्रार पण त्याचीच आहे. माझ्या सायकलचे मागचे पॅड देतानाच निम्म्याच्या खाली झिजलेले होते, आगोंदच्या उतारावर ब्रेक पार आत जायला लागला. फोन लावला, पहिल्या रिंगला उचलला, कॅलिपरवरचा (पॅड दाबणाऱ्या भागावरचा) नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा ते शांतपणे सांगितलं, निभावलं, टेम्पोवाला नवे पॅड घेऊनच आला, भाड्यातले पैसेही स्वतःहून कमी केले. माणसं चांगली आहेत यात वादच नाही, तरी सामान लादून घाट उतरायला देताय तर पॅड बघूनच सायकल बाहेर काढायला हवी, फोनवर सोडवायची ही गोष्ट नाही. दुसरं, नणंदेची उंची पाच फूट, तिला बसेल अशी छोटी फ्रेम नव्हती, सीट पूर्ण खाली करून दिली आणि दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले. बायका इतक्या येतात यांच्याकडे, छोट्या मापाच्या दोन-तीन तरी ठेवा.

भाडं साध्या सायकलीच्या दुप्पट पडतं, टेम्पोचे वेगळे, माझ्या मते योग्य आहे. सड्यावर पाण्याची सोय नाही, बेतुललाच बाटल्या भरून घ्या, आणि नकाशा घरून निघतानाच डाउनलोड करा. चार तारे देतेय. छोट्या फ्रेमची सायकल आली की कळवा, खाजनात कापणीनंतर पक्षी उतरतात तेव्हा आम्हाला परत दिवाडी करायचंय.