खुर्ची साडेअकरा हजारांची, गुण करवतीचा

गेल्या नोव्हेंबरात घेतलेल्या खुर्चीला परवा नऊ महिने झाले. थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा तिच्यावर काढून झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आठव्या दिवशी उत्साहाने पाच तारे देऊन मोकळ्या होणाऱ्यांत मीही होते. त्यातला एखादा तारा आज परत मागता आला असता तर मागितला असता. खुर्ची वाईट निघाली असं नाही. जे दुखणं ती घालवेल असं मला वाटत होतं, ते मुळात तिच्यामुळे गेलंच नाही.

आधी माझी माहिती. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचं काम, दुपारी दीड ते रात्री साडेदहा, आठवड्यातले चार दिवस घरून. घर पुण्यात धायरीला, वन बीएचके, माणसं चार. माझी उंची पाच फूट एक इंच. ती मुद्दाम लिहिलीय, पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. पलंग, पाठीला लोड, मांडीवर लॅपटॉप. नंतर डायनिंग टेबल, मग नणंदेचं कॉलेजातलं अभ्यासाचं टेबल. मान कुरकुरत होतीच, पुढे उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना तेव्हा खुर्ची मागवली. जाळीची पाठ, फोमची बैठक, वर-खाली होणारे हात, डोकं टेकायला उशी. सेलमध्ये ११,५०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. ह्याच साच्यातल्या खुर्च्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात, तुमच्या हाती येईल ती माझीच असेल असं नाही.

जाळीच्या पाठीला मात्र पैकीच्या पैकी. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या आमच्या घरात दुपारी भट्टी पेटते. आधीच्या रेक्झिनच्या खुर्चीवरून उठताना कुर्ता पाठीला चिकटून यायचा, ते बंद झालं. बैठकीचा फोम अजून बसलेला नाही. बैठकही जाळीचीच असलेली खुर्ची दुकानात बसून पाहिली होती. तिची पुढची कड पाचच मिनिटांत मांडीला रुतायला लागली, म्हणून फोम घेतला आणि ते बरं झालं. डोक्याच्या उशीबद्दल काय बोलावं! ती बनवणाऱ्याने जन्मात केसांना क्लचर लावलेला नसणार. दुसऱ्या आठवड्यात काढून माळ्यावर टाकली.

आता खांदा. दोन महिने झाले तरी ढिम्म. शेवटी एका रविवारी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली आणि मापंच घेतली. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत माझा पाय साडेपंधरा इंच. खुर्ची अगदी खाली नेली तरी बैठक साडेसतरा. म्हणजे पाय दोन इंच अधांतरी. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत नऊ इंच, म्हणजे माझं कोपर जमिनीपासून साडेसव्वीस इंचांवर. आणि टेबल? तीस! साडेतीन इंच वर हात उचलून मी दिवसभर टाइप करत होते, खांदे कानाशी. खुर्ची उंच करावी तर पाय आणखी लोंबकळतात आणि मांडीखाली मुंग्या येतात. बाजारातली बहुतेक टेबलं एकोणतीस-तीस इंचांचीच असतात. पावणेसहा फुटी माणसाला ती चालून जातात, माझ्यासारखीचे मात्र हाल.

पायाखाली आधी पाट घेतला. दोन इंच उंच, अगदी हवा तसा. सासूबाईंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, त्यावर गौरी बसतात." पाट परत देवघरात गेला.

मग कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना बोलावलं. टेबल उलटं पालथं घालून त्यांनी चारही पायांवर पेन्सिलीने खूण केली, मग करवत हातात धरून थांबले. "ताई, नंतर वाढवता यायचं नाही, बरं का." मी पुन्हा एकदा टेप लावली. सासूबाई दारात उभ्या. "चांगल्या टेबलाचे पाय कापतायत," असं त्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या. पाय कापून झाले आणि बसून पाहते तर नवीन भानगड, फळीखालच्या पट्टीत मांड्या अडकायला लागल्या. काकांनी पुढची पट्टी काढली आणि मागच्या बाजूने पायांना आडवा आधार ठोकला. खुर्चीचे हात सगळ्यात खालच्या खाचेत घेतले तेव्हा ते टेबलाखाली जेमतेम सरकले. कापलेले चार तुकडे दीड इंच जाडीचे होते. ते आडवे ठेवून त्यांच्यावर अर्ध्या इंचाचं प्लाय ठोकलं, झाली पायांची फळी तयार, दोन इंचांची. मजुरी सहाशे रुपये. तीन आठवड्यांनी वेणी घालताना लक्षात आलं की हात वर गेलाय.

स्क्रीनचं एक सांगायला हवं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, असं जो तो सांगतो. मीही तसंच केलं आणि मान आणखी दुखली. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो, त्यामुळे समोरचं वाचायला हनुवटी वर करावी लागत होती. मॉनिटर दोन-अडीच इंच खाली घेतला आणि किंचित मागे कलवला, मान सुटली. चाळिशीच्या मंडळींनी हे आधी करून पाहावं, उशा-पट्टे मग.

चाकांवर मी नाराज आहे. सोबत आलेली कडक नायलॉनची चाकं फरशीवर अशी घरघरायची की खालच्या मजल्यावरच्या काकू रात्री नऊला वर आल्या. मऊ पॉलियुरेथेनची पाच चाकं वेगळी मागवली. बहुतेक खुर्च्यांच्या चाकाची दांडी ११ मिमीची असते, तरी मापून मगच घ्या. जुनं चाक ओढलं की निघतं. आवाज गेला, पण केस गुंडाळले जायचे ते जातातच. महिन्यातून एकदा खुर्ची आडवी पाडून जुन्या ब्लेडने ते कापून काढावे लागतात. हा उद्योग जेवणाच्या वेळी करू नये.

आमच्याकडे लाइट गेली तर बहुधा गुरुवारी, दुरुस्तीच्या नावाखाली. लॅपटॉप तीन-चार तास तग धरतो, वायफाय धरत नाही. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घेतला, चौदाशेचा. डब्यावर ८,००० एमएएच वाचून फोनची पॉवर बँक आठवते आणि मन उगाच सुखावतं. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, राउटरला लागणाऱ्या जास्त व्होल्टेजचा नव्हे. गुणाकार केला तर साधारण ३० वॉट-तास होतात. राउटर आणि फायबरचा डबा मिळून आठेक वॉट खातात, म्हणजे पावणेचार तास, त्यातून थोडी घट. मी घड्याळ लावून पाहिलं, नवा असताना तीन तास दहा मिनिटं, आता दोन-चाळीस. राउटर १२ व्होल्टचा आहे की ९ चा, ते त्याच्या अडॅप्टरवर वाचून मगच घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी नुसती पिन बसते म्हणून आणला आणि परत केला.

बाकी किरकोळ. टेबलावर पाण्याची मोठी बाटली ठेवायचं बंद केलं, भांडंभर पाणी घेते. संपलं की उठावंच लागतं. कुकरच्या शिट्ट्यांवर हेडफोनचा उपाय फारसा चालला नाही. साडेसातच्या मीटिंगआधी कुकर उतरवायचा, एवढा तह सासूबाईंशी केलाय.

टेबल कापल्याचा राग त्यांनी फार दिवस धरला नाही. त्या माझ्याहूनही दोन इंच बुटक्या. सकाळी अकरापर्यंत आता खुर्ची त्यांच्याच ताब्यात असते, पाय फळीवर, पुढ्यात मेथी. मला दीडला टेबल लखलखीत पुसून मिळतं. माती तेवढी कीबोर्डच्या फटीत सापडते.